‘उगाच हाल कशाला?’ या सल्ल्याला उत्तर

घरात कुणाचा रिपोर्ट आला की चार-आठ दिवसांत एक सल्ला हमखास येतो. देणारा वैरी नसतो. मामा असतो, शेजारी असतो, कधी गावातला शिकलासवरला माणूस असतो. तो म्हणतो, “कॅन्सर झालेला माणूस उठून बसलेला पाहिलाय का कधी? डॉक्टर सुया टोचतील, केमोनं केस जातील, अंथरुणाला खिळवतील, वावर विकायला लावतील आणि शेवटी व्हायचं तेच होईल. उगाच हाल कशाला? त्यापेक्षा झाडपाल्याचं औषध सुरू करा आणि आहेत ते दिवस सुखानं जाऊ द्या.”

फोनवर फिरणाऱ्या मजकुरात हाच सल्ला आकडे घेऊन येतो, आणि ते आकडे खरेही असतात. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १४ लाख लोकांना नव्यानं कॅन्सर झाला आणि सुमारे ९ लाख लोक कॅन्सरनं दगावले. भागाकार तोंडीही करता येतो: तिघांपैकी दोघं जातात. मग एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात घर करून बसतो.

या सल्ल्यामागची माया मला मान्य आहे. त्यामागची भीती आणि पैशाची चिंताही खरी आहे. तरीही तो सल्ला चुकीचा आहे आणि रोज माणसं मारतो आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. कॅन्सर म्हणून आपण ज्यांना एकत्र ओळखतो ते शंभराहून अधिक वेगवेगळे आजार आहेत. काही जवळजवळ हमखास बरे होतात, काही वर्षानुवर्षं आटोक्यात राहतात, आणि काहींपुढे आजही वैद्यक फारसं काही करू शकत नाही. ‘उगाच हाल कशाला’ हा सल्ला या सगळ्यांना एकाच मापानं मोजतो. असाध्य आजाराच्या रुग्णाचे त्यानं काही आठवडे किंवा महिने जातात. साध्य आजाराच्या रुग्णाचं उरलेलं सगळं आयुष्य जातं. जो कॅन्सर बरा होण्याची शक्यता जितकी जास्त, तितकं हा सल्ला ऐकण्याचं नुकसान मोठं.

आधी तो भागाकार तपासू. त्या १४ लाखांत थायरॉइडची गाठ झालेली तरुणी आहे, रक्ताचा कॅन्सर झालेलं पाच वर्षांचं मूल आहे, गालात जखम झालेला रिक्षावाला आहे आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला साठीचा गृहस्थही आहे. अमेरिकेतल्या अलीकडच्या नोंदींनुसार निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ९८ टक्क्यांच्या आसपास आहे, वृषणाच्या कॅन्सरमध्ये ९५ च्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये ९१ च्या आसपास. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते २७ च्या घरात येतं आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमतेम १३ वर. ९८ आणि १३ यांची सरासरी काढून रुग्णाच्या हातात ठेवली, तर ती थायरॉइडवाल्याला लागू पडत नाही आणि स्वादुपिंडवाल्यालाही नाही.

“ती अमेरिका झाली, आपलं काय?” असं कुणी म्हणेल. आपलंही सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ११ नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला. पाच वर्षांनी त्यांतल्या सुमारे ६६ टक्के हयात होत्या. गाठ स्तनापुरतीच असताना आलेल्यांमध्ये हे प्रमाण ८१ होतं, काखेपर्यंत पोचल्यावर आलेल्यांमध्ये ६५ च्या आसपास, आणि आजार शरीरभर पसरल्यावर आलेल्यांमध्ये अवघं १८. या आपल्याच लेकी-सुना आहेत आणि आपल्याच दवाखान्यांत आल्या होत्या. ८१ आणि १८ मधलं अंतर वेळेनं पाडलेलं आहे. वेळ का गेला, हे ज्या त्या घराला विचारा. कुणी लाजेनं गाठ लपवली, कुणी पैशापायी लांबवलं, आणि कितीतरी घरांत कुणीतरी म्हणालं होतं की आता काही उपयोग नाही. म्हणजे ज्या मृत्यूंचा दाखला देऊन हा सल्ला दिला जातो, त्यांतले बरेचसे याच सल्ल्यानं घडवलेले आहेत.

आता दोन माणसं शेजारी ठेवून पाहू. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेल्या युवराज सिंगच्या दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ निघाली. ती जननपेशींपासून होणाऱ्या कॅन्सरची होती. २०१२ च्या सुरुवातीला त्यानं अमेरिकेत केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो भारतीय संघाकडून पुन्हा मैदानात उतरला. त्याच्यावर उपचार करणारे इंडियानापोलिसचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न म्हणजे ज्यांनी १९७४ मध्ये याच जातीच्या कॅन्सरवर सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीनं वापरून पाहिलं ते डॉक्टर. त्याआधी याच जातीत मोडणारा वृषणाचा कॅन्सर शरीरभर पसरला की दहातला एखादाच वाचायचा. आज पसरलेल्या अवस्थेतही साधारण ८० टक्के रुग्ण कायमचे बरे होतात.

गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ च्या सुरुवातीला स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गाठलं. न्यूयॉर्कपर्यंत उपचार झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी त्यांनी नाकात नळी असताना गोव्याच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्चला ते गेले. हिंमत त्यांच्याकडे कमी नव्हती, उपचारही उत्तमातले होते. फरक आजारात होता. स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोल असतं. तिथली गाठ सुरुवातीला ना दुखते, ना हाताला लागते. कावीळ, पाठदुखी किंवा वजन उतरणं सुरू होईपर्यंत ती बहुधा पसरलेली असते, त्यामुळे शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांवरच शस्त्रक्रिया शक्य होते. शिवाय त्या गाठीभोवती तंतूंचं असं दाट वेष्टण तयार होतं की औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. जननपेशींच्या कॅन्सरचं नेमकं उलटं आहे. डी.एन.ए.ला इजा झाली की स्वतःला संपवून टाकण्याची जी सोय प्रत्येक निरोगी पेशीत असते, ती या कॅन्सरपेशींत बहुधा शाबूत राहिलेली असते. सिसप्लॅटिन ती इजा करतं आणि पेशी मरतात.

म्हणून निराशेच्या सल्ल्याइतकाच दुसऱ्या टोकाचा सल्लाही मला खटकतो. “मनाची ताकद हवी, लढलात तर जिंकाल.” हे ऐकायला गोड वाटतं, पण त्याची दुसरी बाजू क्रूर आहे: जो गेला तो लढायला कमी पडला. पर्रीकर कमी पडले, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मनोबलामुळे उपचार सोसायला मदत होते, हे खरं. स्वादुपिंडाची गाठ मात्र त्यानं वितळत नाही. रुग्णाला खोटी निराशा द्यायची नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही. त्याला त्याच्या आजाराची खरी माहिती द्यायची.

निराशेचा सल्ला सर्वांत जोरात दिला जातो तो रक्ताच्या कॅन्सरच्या वेळी. गावात ‘ब्लड कॅन्सर’ हे शब्द उच्चारले की लोक भेटायला येऊ लागतात ते निरोप घ्यायलाच. आणि उपचारांचा सर्वांत मोठा विजय नेमका इथंच झालेला आहे. लहान मुलांना होणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया १९४७ पर्यंत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल नेत असे. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाची क्रिया रोखणारी संयुगं तयार करवून घेत होते. त्यांतलं एक बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना दिलं आणि १० मुलांमध्ये आजार मागे हटला. ती सुधारणा तात्पुरती होती, आजार परत आला. पण वाट सापडली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक औषध जोडत, मात्रा आणि क्रम ठरवत डॉक्टर पुढे गेले आणि आज प्रगत देशांत अशी ९० टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात. आपल्याकडचं प्रमाण त्याहून कमी आहे. त्याची कारणं शोधताना डॉक्टरांना पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळली आहे: मूल जरा खेळू लागलं की, किंवा हातातला पैसा संपला की, उपचार मध्येच सोडले जातात. या आजाराचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. ते पुरते होईपर्यंत जो शेजारी म्हणतो “आता बरं दिसतंय की, कशाला पोराला त्रास?” त्यानं मुलाच्या जिवाशी केवढा खेळ मांडला आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

दुसरा रक्ताचा कॅन्सर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. यात दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी चिकटतात आणि एक बिघडलेलं प्रथिन पेशींना अखंड वाढायला लावतं. आजाराचं मूळ एवढं नेमकं सापडल्यावर नेमकं तेच प्रथिन अडवणारी गोळी करता आली: इमॅटिनिब. २००१ साली ती अमेरिकेत मान्य झाली आणि काही वर्षांत जीव घेणारा हा आजार मधुमेहासारखा रोजच्या गोळीवर चालणारा झाला. तिची मूळ कंपनीची किंमत महिन्याला लाखाच्या वर होती, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. आज हे रुग्ण नोकरी करतात, संसार करतात, जवळपास इतरांइतकंच जगतात. त्यांना ‘आहेत ते दिवस’ मोजायला सांगणारा सल्ला कोणत्या काळातला आहे?

आता सुईकडे वळू. “तुकडा काढला की कॅन्सर भडकतो” ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे, आणि रुग्णाला तिच्याइतकं महागात पडणारं दुसरं काही नाही. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासून आलेला कागद जवळून पाहा. वर गाठीचा प्रकार असतो, खाली तिची प्रत, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या आहेत ते. त्याखाली तीन छोट्या ओळी असतात: ई.आर., पी.आर. आणि हर-टू. प्रत्येकीपुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’. घरचे लोक कागद उलटसुलट करतात आणि ‘कॅन्सर’ या शब्दावर थांबतात. रुग्णाचं पुढचं आयुष्य मात्र त्या तीन ओळी ठरवतात. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ संप्रेरकांवर पोसली जाते आणि टॅमॉक्सिफेनसारखी साधी, स्वस्त गोळी पाच-दहा वर्षं घेऊन आजार परतण्याचा धोका बराच कमी होतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर तो एकेकाळी सर्वांत वाईट प्रकारांत मोडायचा, पण १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं आणि चित्र पालटलं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर उपचार वेगळे आणि अधिक कडक. एकाच अवयवात, एकाच आकाराच्या गाठी, आणि आजार तीन. स्वादुपिंडातही तसंच. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सला स्वादुपिंडाचाच कॅन्सर होता, पण संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींचा. निदानानंतर तो आठ वर्षं जगला. तुकडा तपासल्याशिवाय हे कुणाला कळणार?

सुईबद्दल काळजी घ्यायची असते ती डॉक्टर घेतातच. वृषणात संशयास्पद गाठ असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून शस्त्रक्रिया करून पूर्ण वृषण काढून तपासतात. हा नियम कुणाच्या भीतीतून आलेला नाही, तो त्या आजाराच्या अभ्यासातून आलेला आहे. जिथं धोका आहे तिथं तो टाळण्याची रीत ठरलेली आहे. बाकी ठिकाणी सुई नाकारणं म्हणजे आंधळ्यानं औषध निवडणं.

“केमो म्हणजे विषच.” हो, केमोची औषधं जहाल असतात. उलट्या, केस गळणं, पांढऱ्या पेशी घटणं, जंतुसंसर्ग, हे त्रास खरे आहेत आणि जो सोसतो त्यालाच ते कळतात. पण केमो चांगली की वाईट, या प्रश्नाला आजाराचं नाव जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जननपेशींच्या कॅन्सरमध्ये आणि मुलांच्या ल्युकेमियात केमोच माणूस वाचवते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती अनेकदा शस्त्रक्रियेच्या जोडीला, आजार परतू नये म्हणून असते. स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरल्यावर ती काही महिने वाढवते. आणि थायरॉइडच्या बहुतेक गाठींना किंवा तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला ती लागतही नाही. केमोला सरसकट शिव्या घालणाऱ्याला आपण यांतल्या नेमक्या कोणत्या रुग्णाशी बोलतो आहोत, हेच माहीत नसतं.

मग येतो झाडपाला. “निसर्गात औषध आहे, पण कंपन्या ते दडवतात.” आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. जांभळट गुलाबी, बारमाही फुलणारी. तिच्या पानांतून निघालेली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहेत आणि ल्युकेमियाच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांत व्हिन्क्रिस्टिन आजही आहे. कुणी काही दडवलेलं नाही. पण पानात ते इतकं अत्यल्प असतं की थोड्या ग्रॅम औषधासाठी टनांनी पाला लागतो, आणि ते फक्त शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून द्यावं लागतं. सकाळी चार पानं चावून ल्युकेमिया जात नाही. चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरल्या जाणाऱ्या सोमलाचीही हीच गोष्ट. ल्युकेमियाच्या एका विशिष्ट जातीत, अक्यूट प्रोमायलोसायटिकमध्ये, तो गुणकारी ठरतो हे हार्बिनच्या डॉक्टरांनी तपासून दाखवलं. एकेकाळी सर्वांत झपाट्यानं जीव घेणाऱ्या या आजारात सोमल आणि जीवनसत्त्व ‘अ’पासून केलेलं एक औषध मिळून आज सुरुवातीचे धोक्याचे दिवस पार केलेले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. पण फक्त त्या जातीत. तोच सोमल स्वादुपिंडाच्या कॅन्सरला दिला तर गुण येणार नाही, विषबाधा होईल. परंपरेतल्या औषधाला वैद्यकानं दार बंद केलेलं नाही. ते एवढंच विचारतं की कोणत्या आजारावर, किती मात्रेत, आणि किती जण बरे झाले.

“आमच्या ओळखीतला एक जण वैदूच्या औषधानं बरा झाला.” असा माणूस बहुतेक गावांत दाखवतात. माझा प्रश्न एकच: त्याला कोणता कॅन्सर होता? याचं उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका अभ्यासात मिळतं. स्तन, मोठं आतडं, फुप्फुस आणि प्रोस्टेट या चार अवयवांचे, अजून दूर न पसरलेले कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांची तुलना तिथं नेहमीचे उपचार घेतलेल्या तशाच रुग्णांशी केली. पर्यायी उपचारवाल्यांच्या मृत्यूचा धोका एकंदर अडीचपट निघाला. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो दुपटीहून थोडा जास्त, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साडेचारपट आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाचपटींहून अधिक होता. प्रोस्टेटमध्ये मात्र त्या काळात लक्षणीय फरक दिसला नाही.

हे आकडे सावकाश वाचावेत. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला उत्तम बरा होतो, म्हणून तिथं उपचार सोडणाऱ्याचं सर्वांत जास्त गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये उपचारांचं यशच मर्यादित, म्हणून सोडण्याचं नुकसान त्या मानानं कमी दिसलं. आणि प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा इतका सावकाश चालतो की काहीही घेतलं, किंवा काहीच घेतलं नाही, तरी माणूस पाच-सात वर्षं चांगला दिसतो. वैदूचा ‘बरा झालेला’ माणूस अनेकदा इथूनच येतो. त्याचं उदाहरण ऐकून स्तनात गाठ असलेली बाई झाडपाला घेत बसते, आणि तिची गाठ प्रोस्टेटच्या चालीनं चालत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा सल्ला सर्वांत जास्त बळी घेतो ते तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे, आणि हे दोन्ही वेळेत सापडण्याजोगे आहेत. तोंडाला तर यंत्रही लागत नाही. आरसा, उजेड आणि स्वतःचं बोट पुरतं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे भरून न येणारी जखम, पूर्वी सहज खाल्लेलं तिखट आता न सोसणं, तोंडात उभी तीन बोटं न मावणं. खर्रा, मावा, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्या माणसाला यातलं एक जरी दिसलं तर दाढेच्या धारेला दोष देत बसायचं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे रुग्ण होते. मुख्य शस्त्रक्रियेतच मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठी दिसतील तेव्हा काढू म्हणून थांबलं तर साडेसदुसष्ट टक्के. जगभरच्या डॉक्टरांची पद्धत या मुंबईच्या कामानं बदलली. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांनी वीस वर्षांहून अधिक राजकारण केलं. आर. आर. (आबा) पाटील २०१५ मध्ये तोंडाच्याच कॅन्सरनं गेले. पवार वाचले म्हणून तो आजार किरकोळ ठरत नाही, आणि आबा गेले म्हणून तो असाध्य ठरत नाही.

गर्भाशयमुखाचा पुरावा तर धाराशिवच्या खेड्यांतून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार, एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीनं हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही तपासणी करायला डॉक्टरसुद्धा लागला नाही. ज्या मातीतून हा पुरावा निघाला तिथंच आजही एखाद्या बाईचा रक्तस्राव ‘वयाचं आहे’ म्हणून वर्षभर अंगावर काढला जात असेल, तर त्याला नशीब म्हणायचं नाही.

माझ्या बाजूच्या अडचणीही सांगायला हव्यात. पाच वर्षांच्या आकड्यांत एक फसवणूक दडलेली असते. दक्षिण कोरियात सरसकट थायरॉइडच्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हा या कॅन्सरची नोंद पंधरापट वाढली, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या शोधून काढल्या गेल्या, गळे कापले गेले आणि ‘यशाचा’ आकडा फुगला. म्हाताऱ्या माणसाचा संथ प्रोस्टेट कॅन्सरही पुष्कळदा फक्त नजरेखाली ठेवणं शहाणपणाचं असतं. म्हणजे ‘उगाच हाल कशाला’ हे वाक्य काही आजारांत खरं ठरतं. पण ते सांगण्याचा अधिकार रिपोर्ट वाचून, आजार ओळखून येतो.

पैशाचंही तसंच. वावर विकून केलेले उपचार वाया गेलेली घरं आहेत, आणि पसरलेल्या असाध्य आजारात चौथी, पाचवी केमो लिहून देणारे डॉक्टरही आहेत. अशा वेळी रुग्णाला हवं असतं वेदनाशमन, मॉर्फिन, श्वासाचा त्रास कमी करणारे उपचार आणि घरच्यांचा सहवास. कोणता कॅन्सर आहे हे नीट माहीत असलेलं घरच तिथं ‘आता पुरे’ असं म्हणू शकतं. तेच घर बऱ्या होणाऱ्या आजारात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद गोळा करतं, टाटाच्या रांगेत उभं राहतं, उपचार पुरे करतं. जे घर आजाराचा प्रकार विचारत नाही, ते बऱ्या होणाऱ्याला सोडतं आणि न बऱ्या होणाऱ्यापायी कर्जात बुडतं. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती सगळ्यांकडे आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर मराठीत, घरच्यांना वाचता येईल असं लिहावं: आजार कोणत्या अवयवाचा, कोणत्या पेशींचा, कुठवर पसरलेला, आणि उपचारांचं उद्दिष्ट काय, बरं करणं, आयुष्य वाढवणं, की त्रास कमी करणं. हे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं रुग्णाच्या हक्काची आहेत. घरच्यांनी हे विचारल्याशिवाय उठू नये, आणि शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. सरकारनं बार्शी आणि धाराशिवमध्ये सिद्ध झालेली तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावी.

आणि मायेपोटी सल्ला देणाऱ्या मामांना, शेजाऱ्यांना, गावातल्या जाणत्यांना हात जोडून सांगणं आहे: कोणता कॅन्सर, हे कळण्याआधी तोंड उघडू नका. तुमचा शब्द घरात डॉक्टरापेक्षा जास्त चालतो, म्हणूनच त्याची जबाबदारीही जास्त आहे. तुमचं ऐकून जो रुग्ण दवाखान्यात जात नाही, तो बरा होणाऱ्यांपैकी असू शकतो. त्याला थांबवू नका. द्यायचीच असेल तर गाडी द्या, सोबत द्या, रांगेत त्याच्या जागी दोन तास उभे राहा.